आधी मीटर लावा, मग बॅटरी बदला

वाचकांचे प्रश्न : छोट्या गाड्यांची बॅटरी

ठाण्यात वागळे इस्टेटजवळ आमचं गाड्यांच्या वायरिंगचं आणि बॅटरीचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेकांची तक्रार एकच आहे, बॅटरी टिकत नाही. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून आज फक्त याच पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : मी रोज घरून नेरुळ स्टेशनपर्यंत स्कूटरने जाते, गाडी पे अँड पार्कला लावते आणि पुढे लोकल. आठ-दहा मिनिटांचा रस्ता. गाडी इंजेक्शनवाली आहे. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या. गेल्या गणपतीला आठ दिवस देवरुखला होतो, परत आलो तर गाडी ठप्प. किक मारूनही सुरू होईना. गॅरेजवाला म्हणतो, हल्लीचा मालच असा येतो. सोसायटीतून एक गाडी चोरीला गेल्यावर आम्ही जीपीएस ट्रॅकर बसवला, बाकी जास्तीचं काही लावलेलं नाही. तिसरी बॅटरी घेऊ का? (एक वाचक, नेरुळ)

ताई, इतक्यात नवी बॅटरी घेऊ नका. कारण तुमच्याच पत्रात आहे.

स्कूटरची बॅटरी केवढीशी असते? बहुतेक गाड्यांत बारा व्होल्ट, तीन ते पाच एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती करंट किती तास पुरेल याचं माप). तुमची चार एएचची धरू. ट्रॅकर गाडी बंद असतानाही चालू राहतो, नाहीतर चोरीच्या वेळी त्याचा उपयोग काय? तो साधारण दहा ते वीस मिलिअँपिअर खातो. पंधरा धरा. चोवीस तासांत ०.३६ एएच, म्हणजे आठ दिवसांत जवळजवळ २.९ एएच गेले. चारपैकी राहिले एक-सव्वा. तुम्ही देवरुखला आरत्या करत होतात तेव्हा इथे पार्किंगमध्ये बॅटरी रिकामी होत होती.

किकने का सुरू झाली नाही, तेही सांगते. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक स्कूटरमधला कार्बोरेटर गेला. आता पेट्रोल पंप, इंजेक्टर आणि त्यांना हुकूम देणारा ईसीयू, सगळे विजेवर चालतात. बॅटरी पूर्ण बसली की किक मारून इंजिन फिरतं, पण बहुतेक गाड्यांत आत पेट्रोलच जात नाही. जुन्या गाडीत बॅटरी मेली तरी घरी पोचता यायचं. आता बॅटरीकडे लक्ष द्यावंच लागतं.

रोजच्या वापराचं म्हणाल, तर एका सेल्फला फार काही जात नाही. चार्जिंग नीट असेल तर गाडी पळायला लागल्यावर काही मिनिटांत ते भरून निघतं. पण तुमच्या आठ मिनिटांतली तीन-चार सिग्नलला आणि स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या गर्दीत जातात. तेव्हा इंजिन मंद फिरतं, ब्रेकचा दिवा लागलेला, हॉर्न चालू, कुणी मोबाईलही चार्जिंगला लावलेला. त्या वेळात बॅटरीच्या वाट्याला जवळपास काहीच येत नाही. वर शनिवार-रविवार गाडी उभी आणि ट्रॅकर चालूच.

बॅटरी एकदा बसली म्हणून मरत नाही. ती बसलेल्या अवस्थेत पडून राहते, त्याने मरते. करंट काढला की आतल्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेट धरतं. लगेच चार्ज केलं तर ते निघून जातं. तसंच ठेवलं तर त्याचे खडे मोठे आणि कडक होत जातात, आणि मग कितीही तास चार्जिंगला लावा, तेवढी प्लेट कामातून गेली. कायम अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीचंही हेच होतं, फक्त हळूहळू. तुमच्या दोन्ही बॅटऱ्या याच मार्गाने गेल्या असाव्यात असं मला वाटतं. माल खराब होता म्हणून मोकळं होण्याआधी हे तपासा.

त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. काहीशे रुपयांत मिळतो आणि एका बॅटरीचे पैसे वाचले तरी वसूल. डीसी व्होल्ट २० वर ठेवा, लाल पिन प्लसला, काळी मायनसला.

पहिलं रीडिंग सकाळी, रात्रभर गाडी उभी असताना आणि किल्ली लावण्याआधी. १२.६ ते १२.८ म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे तातडीने चार्जिंगला लावा. चार्ज करूनही १०.५ च्या आसपास अडकत असेल, तर सहा सेलपैकी एक शॉर्ट झालाय. एक सेल २.१ व्होल्टचा, तेवढाच कमी दिसतो. ती बॅटरी खरंच बदला.

दुसरं रीडिंग सेल्फ मारताना. आकडा खाली येणारच, पण ९.६ च्या खाली गेला आणि बॅटरी भरलेली असताना गेला, तर तिच्यात दम राहिलेला नाही.

तिसरं इंजिन चालू ठेवून, थोडी रेस देऊन. १३.५ ते १४.५ हवं. बॅटरी भरलेली असून आकडा १३ च्याही वर जात नसेल, तर दोष बहुधा बॅटरीचा नाही, चार्जिंगचा आहे. रेग्युलेटर-रेक्टिफायर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग), वायरिंग किंवा कॉइल बघा. १४.८ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी शिजतेय. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही जाईल.

ट्रॅकर काढा असं मी म्हणत नाही. तो किती खातो ते मोजून घ्या. मीटरची लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात घाला, बॅटरीची मायनस वायर सोडवा आणि मीटर त्या वायरच्या आणि मायनस टर्मिनलच्या मध्ये जोडा. मीटर असा लावलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल. आणि मोजून झाल्यावर पिन परत व्होल्टच्या भोकात, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला जाल आणि शॉर्ट कराल. हे जमणार नसेल तर जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. गावाला जाताना मात्र मायनस वायर सोडून ठेवा आणि गाडी कुणाच्या तरी नजरेखाली लावा. बहुतेक स्कूटरमध्ये बॅटरी फूटबोर्डखाली किंवा सीटखाली असते, दोन-चार स्क्रू काढले की हाती लागते.

आठवड्यातून एकदा ती स्कूटर पाम बीच रोडला तासभर फिरवून आणा. तेवढ्याने बराच फरक पडेल.

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. घोडबंदर रोडला टॉवरच्या बेसमेंटमध्ये आमची छोटी कार असते. फक्त रविवारी निघते. बॅटरी उतरू नये म्हणून वॉचमन रोज दहा मिनिटं इंजिन चालू करून ठेवतो. तरी बॅटरी दीड वर्षात गेली. डॅशकॅमही आहे. काय चुकतंय? (एक वाचक, कासारवडवली)

काका, वॉचमनला उद्यापासून थांबायला सांगा. कारचा स्टार्टर स्कूटरच्या कितीतरी पट करंट ओढतो. जागेवर दहा मिनिटं मंद चाललेलं इंजिन ते जेमतेम परत देतं, त्यात कुणी एसी किंवा दिवे चालू ठेवले तर तेही नाही. शिवाय इंजिन पुरतं गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी धरतं. बेसमेंटमध्ये धूर कोंडतो तो वेगळाच.

हिशोब असा. तुमच्या कारला ३५ एएचची बॅटरी असेल. गाडी लॉक असतानाही घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकिंग मिळून तीस मिलिअँपिअरच्या आसपास खातात. हे रास्त आहे. पन्नासच्या पुढे गेलं तर चोर शोधायचा. तीसने दिवसाला पाऊण एएच, आठवड्याला पाच. रविवारी उपवनला जाऊन आलात तर त्यातलं थोडंच भरतं.

पण मला संशय डॅशकॅमचा आहे. तो लायटरच्या सॉकेटला असेल आणि किल्लीबरोबर बंद होत असेल तर काही प्रश्न नाही. फ्यूज बॉक्समधून थेट वायर घेऊन पार्किंग मोडवर, म्हणजे गाडी उभी असतानाही, चालत असेल, तर तो पाव अँपिअरसुद्धा ओढू शकतो. म्हणजे दिवसाला सहा एएच. तीन दिवसांत अर्धी बॅटरी साफ, आणि रविवार यायच्या आत तिसऱ्या-चौथ्या वेळी वॉचमनच्या हातून सेल्फ अडखळायला लागतो. पार्किंग मोड बंद करा, किंवा ठरावीक व्होल्टेजला आपोआप तोडणारी किट बसवून घ्या आणि ती १२.२ वर लावा. बेसमेंटमध्ये सोसायटीचे कॅमेरे आहेतच.

रविवारचा फेरा मोठा करा. गायमुखपर्यंत जाऊन लगेच वळू नका, पाऊण तास-तास सलग गाडी चालू द्या. ते होत नसेल तर मायनस टर्मिनल सोडून ठेवा; रेडिओचे चॅनल आणि घड्याळ पुन्हा लावावं लागेल, एवढंच. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची चावी गाडीशेजारच्या खुंटीवर किंवा डिकीत ठेवायची काहींना सवय असते. चावी जवळ असली की काही गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक्स झोपतच नाहीत, करंट खात राहतात. चावी घरी ठेवा.

आणि एक. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) चालतोय का बघायला काही जण चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढतात. जुन्या गाड्यांत हे खपून जायचं. आताच्या गाडीत व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो, त्याची किंमत कित्येक बॅटऱ्यांएवढी. तुमच्या गाडीला कुणी हे करत असेल तर हात धरून थांबवा.

प्रश्न : बाबांची जुनी बाईक मी वापरतो. बॅटरी पाण्याची आहे, सहा झाकणांची. पाणी कमी झालं की मी एसीच्या पाइपचं पाणी जमवून घालतो, ते डिस्टिल्डच असतं ना? मित्र म्हणतो ॲसिड घाल, करंट वाढेल. (एक वाचक, ऐरोली)

मित्राचं ऐकू नका. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड ओतलं की ते जास्त तीव्र होऊन प्लेटा खातं. चार दिवस बॅटरी जोरात वाटते, मग कायमची बसते. ॲसिड सांडून गेलं असेल तरच ते घालायचं, तेही दुकानात.

एसीचं पाणी हवेतून गोळा होतं, म्हणून शुद्ध वाटतं. पण ते धुळीच्या कॉइलवरून, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरून आणि शेवाळलेल्या पाइपातून येतं. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. नळाचं तर विचारूच नका. क्लोराइड आणि लोह ही दोन्ही शिशाच्या प्लेटांची वैरी. बाजारात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन अगदी स्वस्त मिळतो, तोच आणा. वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये पातळी ठेवा, वरच्या रेघेच्या पुढे एक थेंब नको. पातळी रेघेखाली जाऊन प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील एवढंच घाला, चार्ज करा आणि मग रेघेपर्यंत आणा. आधीच भरलंत तर चार्जिंगमध्ये पाणी फुगून बाहेर येईल.

दुकानात आमच्याकडे बाबांचा काचेचा हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिड पाण्यापेक्षा किती जड आहे ते मोजायची नळी, अजून वापरात आहे. रबरी फुगा दाबून एका सेलमधलं पाणी वर ओढायचं, आतली तरंगणारी नळी कुठे थांबते ते डोळ्यांच्या रेषेत बघायचं. भरलेल्या बॅटरीत १.२६० ते १.२८०. पाच सेल १.२५० दाखवतात आणि एकातच नळी १.१५० ला खाली बसते, असं दिसलं की पुढे बोलायची गरज उरत नाही. तो सेल गेला. बंद, म्हणजे पाणी न घालायच्या सीलबंद बॅटरीत हे बघता येत नाही, म्हणून मला पाण्याच्या बॅटरीबद्दल अजून जिव्हाळा आहे. ज्याला महिन्यातून एकदा झाकणं उघडायचा कंटाळा नाही, त्याला ती बरीच वर्षं साथ देते.

तुमच्या बॅटरीच्या बाजूने एक बारीक नळी खाली जाते, ती बघा. गॅस आणि ॲसिडचे थेंब तिच्यातून जमिनीकडे जातात. ती मुडपली असेल किंवा चिखलाने बुजली असेल तर आत दाब वाढून ॲसिड झाकणांतून उडतं आणि चेन, सायलेन्सर, फ्रेम सगळीकडे गंज धरतो. पावसाळ्यात ही नळी हमखास बुजते. आणि झाकणं उघडी असताना विडी-काडी जवळ नको. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो.

प्रश्न : टर्मिनलवर पांढरी-निळी पावडर साठते. पुसली की पुन्हा येते. (एक वाचक, सीवूड्स)

खाडीकाठी हवा दमट आणि खारट, त्यामुळे जरा लवकर येते. पांढरं असतं ते शिशाचं सल्फेट, निळं-हिरवं तांब्याचं. म्हणजे ॲसिडची वाफ वायरच्या टोकापर्यंत पोचली आहे. नुसती पुसू नका. आधी मायनस काढा, मग प्लस. ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने लावा. फेस येतो, तो थांबेपर्यंत घासा. पाणी झाकणाच्या फटीत जाऊ देऊ नका. स्वच्छ पाण्याचा हात फिरवून कोरडं करा, वायरचं टोक आतूनही चमकलं पाहिजे. आधी प्लस जोडा, मग मायनस, नट पक्के आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. बसवल्यावर जेली, आधी नाही.

कित्येकदा सेल्फ मारताना नुसती टकटक होते आणि माणूस बॅटरी बदलतो. सैल नटच असतो. पावडर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा आली तर वर सांगितलेलं तिसरं रीडिंग घ्या. जास्त चार्जिंगने बॅटरी गॅस टाकत असेल.

प्रश्न : घरी चार्जर घ्यायचा विचार आहे. शेजाऱ्यांचा कारचा चार्जर स्कूटरला चालेल का? (एक वाचक, कळवा)

नाही. एएचच्या दहाव्या भागाएवढा करंट द्यायचा. चार एएचला ०.४, फार तर अर्धा अँपिअर. कारचा चार्जर पाच-सहा अँपिअर फेकतो, बंद बॅटरी गरम होऊन फुगते. बाईकसाठीचा, भरल्यावर स्वतः थांबणारा चार्जर घ्या. बॅटरी काढून गॅलरीत, हवेशीर जागी फरशीवर ठेवा. गादीवर किंवा देवघराच्या दिव्याजवळ नको. आधी चिमटे लावा, मग स्विच; काढताना उलट.

प्रश्न : इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आहे. रोज शंभर टक्के चार्ज करावी का? (एक वाचक, खारघर)

तुमच्या गाडीतली बॅटरी लिथियमची, तिचा स्वभाव शिशाच्या बॅटरीच्या उलट. तिला अर्धं राहिलेलं चालतं, टोकाला नेलेलं आवडत नाही. रोज वीस ते ऐंशीच्या दरम्यान ठेवा, लांब जायचं त्याच दिवशी पूर्ण भरा. मात्र काही बॅटऱ्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या असतात, त्यांना अधूनमधून शंभरपर्यंत न्यायला कंपनीच सांगते. तुमच्या गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते प्रमाण. मे महिन्यात उन्हातून आल्या-आल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास निवू द्या. महिनाभर बाहेर जाणार असाल तर पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवून जा. जिन्याखालच्या एक्स्टेन्शन बोर्डवर चार्जिंग मुळीच करू नका. सोसायटीकडून अर्थिंग असलेला सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट मागून घ्या.

प्रश्न : नवी बॅटरी घेताना दुकानदुकानात भावात एवढा फरक का? काय बघून घ्यावी? (एक वाचक, नौपाडा)

फरकाची दोन कारणं. एक, जुनी बॅटरी परत घेऊन भाव सांगितलाय की न घेता. आधी तेच विचारा, मगच तुलना करा. दुसरं, माल किती जुना आहे. बॅटरी मांडणीवर पडल्या-पडल्याही उतरते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात जास्तच. खोक्यावर किंवा बॅटरीवर बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं किंवा कोरलेलं असतं. कळत नसेल तर दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. दोन-तीन महिन्यांतली घ्या. बंद बॅटरी असेल तर काउंटरवरच मीटर लावायला सांगा, १२.६ च्या वर असली पाहिजे. १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा. चांगला दुकानदार याचा राग मानत नाही, आम्ही तर स्वतःहून दाखवतो.

पाण्याची घेत असाल तर ती बहुधा कोरडी येते आणि ॲसिड तुमच्यासमोर भरलं जातं. भरलं की ती चालू होते, म्हणून घाईत तशीच गाडीत बसवून देतात. हे चुकीचं आहे. ॲसिड मुरायला अर्धा-एक तास आणि मग कमी करंटवर काही तास पहिलं चार्जिंग लागतं. ते झालं नाही तर ती बॅटरी पुढे कधीच पूर्ण क्षमतेला पोचत नाही. संध्याकाळी देऊन दुसऱ्या दिवशी घेऊन जा.

जास्त एएचची मोठी बॅटरी कोंबायचा मोह टाळा. ट्रेमध्ये ती पट्टीने नीट आवळली जात नाही, आणि आपल्या रस्त्यांवर हलती बॅटरी म्हणजे आतल्या प्लेटा झडणं ठरलेलं.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. चार पैसे जास्त मिळतील, पण तो ॲसिड गटारात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवायला जातं. त्या धुराने जवळपासच्या पोरांच्या मेंदूला इजा होते, म्हणून मी याबाबत कुणाचीही भीड ठेवत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून गोळा करणाऱ्या अधिकृत जागी द्यायची असते. सोपा मार्ग म्हणजे नवी घेताना तिथेच परत करणं. वॉरंटी कार्डावर शिक्का, विक्रीची तारीख आणि बॅटरीचा नंबर लिहून घ्या, आणि कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पावसात डिकीतलं कार्ड भिजून शाई उडते आणि मग दावा करता येत नाही.